सात नंबरची कॉलर

ज्याला टेप लागतो तो शिंपीच नव्हे, असं मास्तरांचं रोखठोक मत! चाळीस वर्षं दुकान चालवलं, पण गळ्यात टेप म्हणून कधी घातला नाही. गिऱ्हाईक पायरीवर असतानाच मास्तर चष्म्यावरून एक नजर टाकायचे आणि वहीत आकडे लिहून मोकळे व्हायचे. गिऱ्हाईक बिचारं विचारायचं, "मास्तर, माप?" मास्तर म्हणायचे, "घेतलं. आता श्वास सोडा. पोट आत ओढलंत, ते धरलंय मी हिशेबात!" एकदा म्हणे नुसता फोनवर आवाज ऐकून त्यांनी कोट शिवला आणि तो अंगात चपखल बसला. खरं-खोटं त्या कोटालाच ठाऊक.

तर अशा या मास्तरांना हर्निया झाला.

जांघेच्या वर लिंबाएवढा गोळा. मशीनच्या पायट्यावर पाय दाबला की गोळा बाहेर, पाय उचलला की गोळा आत! मास्तर म्हणायचे, "मशीन मी चालवतोय की हा, तेच कळेना झालंय." मग लिंबाचं संत्रं झालं, आणि एके दिवशी एका पँटची मोरी शिवता शिवता मास्तर जे कळवळून उठले ते पुन्हा मशीनवर बसलेच नाहीत. दुकानाला कुलूप लागलं. शिंप्याचा पाय थांबला म्हणजे सगळंच थांबलं! घरात नुसत्या येरझाऱ्या. दिवसातून चार वेळा बायकोच्या साडीच्या काठाकडे बघून म्हणायचे, "इथे टाका सुटलाय." पाचव्यांदा म्हणाले तेव्हा मास्तरीणबाईंनी फोन उचलला आणि मोठ्या हॉस्पिटलात तारीख घेतली.

तारीख मिळाली ती गुरुवारची. तिथले मोठे डॉक्टर हर्नियाचं ऑपरेशन फक्त गुरुवारी करायचे, आणि गुरुवार हुकला तर पुढची तारीख थेट दोन महिन्यांनी. "दोन महिने हा माणूस घरात असा फिरला तर मलाच तिथे दाखल करा," असं मास्तरीणबाईंनी फोनवरच सांगून टाकलं.

मास्तरांनी मात्र बेत कापडासारखा आखून ठेवला. "बुधवारी भरती, गुरुवारी टाके, शनिवारी घरी! तीन दिवस राजासारखा पडून राहणार. तिथे उशाशी बेल असते. दाबली की माणूस धावत येतो. तुझ्यासारख्या तीन हाका माराव्या लागत नाहीत."

"जा राजे, जा," मास्तरीणबाई म्हणाल्या.

राजांना मिळाला सात नंबरचा पलंग. त्याचं एक चाक हवेत होतं, त्यामुळे कूस बदलली की पलंगही कूस बदलायचा. वॉर्डातल्या मावशींनी एक गाऊन आणून मास्तरांच्या अंगावर टाकला. मास्तरांनी तो उलगडला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"मावशी, हा मागून उघडा आहे."

"सगळ्यांचाच असतो."

"नाड्या तीन हव्यात. इथे एकच आहे."

"मग एकीने भागवा. देवाने हात दिलेत की दोन, मागून धरायला."

एवढं बोलून मावशींनी मास्तरांच्या मनगटावर प्लॅस्टिकची एक कडक पट्टी अडकवली. पट्टीवर मास्तरांचं नाव आणि ठळक सात. "ही काढायची नाही बरं का! ही आहे तोवर तुम्ही तुम्ही."

"आणि नसली तर?"

"मग आम्हाला काय ठाऊक तुम्ही कोण ते!" आणि मावशी गेल्या त्या गेल्याच.

मास्तरांनी ऐटीत बेल दाबली. पुन्हा दाबली. मग टाइपरायटरवर अर्ज करावा तशी धडाधड दाबली. शेजारी आठ नंबरच्या पलंगावर एक आजोबा होते. त्यांचा प्लॅस्टरमधला पाय दोरीने टांगलेला होता. ते शांतपणे म्हणाले, "दाबा, दाबा. बोटांना चांगला व्यायाम होतो. मी अकरा दिवस करतोय."

"म्हणजे?"

"वायर बघा की. भिंतीपर्यंत जातच नाही."

मास्तरांनी पाहिलं. वायर पलंगाखाली उतरली होती आणि एका बादलीत जाऊन विसावली होती.

"पाच वाजता मोठे डॉक्टर बघून जातील," असं भरतीच्या खिडकीवर सांगितलं होतं. मास्तरांनी केस विंचरले, एक हात मागे धरला, आणि पाहुण्याची वाट बघावी तसे पलंगाच्या कडेवर बसले. पाच वाजता पावलं वाजली. मास्तर सावरले. ट्रॉली होती. साडेपाचला पुन्हा पावलं. पंखे मोजायला आलेला माणूस होता. सहाला एक बाई लगबगीने आल्या, मास्तरांचा हात हातात घेतला, डोळ्यांत पाणी आणलं, मग नीट बघून म्हणाल्या, "अय्या, हे आमचे नव्हेत!" आणि निघून गेल्या. दिवसभरात मास्तरांची आस्थेने विचारपूस झाली ती एवढीच.

"आजोबा, मोठे डॉक्टर येतात तरी कधी?"

"मी त्यांची पाठसुद्धा पाहिली नाही अजून. हां, फोटो पाहिलाय. जिन्यासमोर लावलाय. सडसडीत, रुबाबदार माणूस!"

मास्तर उठले. बसले. पुन्हा उठले. फिरावं तर गाऊन मागून फडफडायचा. फिरू नये तर जीव राहीना! शेवटी भेटायला आलेल्या मास्तरीणबाईंना त्यांनी दारातच सांगितलं, "चष्म्याच्या डबीत सुईदोरा आहे माझ्याकडे. घरून बटणांचा डबा, कात्री आणि माझी टाचण्यांची गादी घेऊन ये."

"अहो, उद्या ऑपरेशन आहे तुमचं!"

"म्हणूनच! कापाकापीला जायचं तर माणसाने बरं दिसावं."

घर दोन गल्ल्यांवरच होतं. अर्ध्या तासात डबा आला आणि मास्तर कामाला लागले. गाऊन चार माणसांच्या मापाचा होता, त्यामुळे कापडाला तोटा नव्हता. मागची उघडी बाजू शिवून बंद केली. पुढून उभा छेद, पाच काजं, पाच बटणं. घेरातून जे कापड निघालं त्यातून एक खिसा केला, आणि मग उरल्या तुकड्यातून कॉलर! आजोबा टांगल्या टांगल्या दाद देत होते, "वा! काय वळण आहे!"

एकच अडचण. कॉलर ताठ राहायला आत बकरम लागतं. ते आणायचं कुठून? त्यातून ती प्लॅस्टिकची पट्टी मनगटावर अशी बसली होती की टाचण्यांची गादी बांधायला जागा नाही. मास्तरांनी पट्टीकडे पाहिलं. कॉलरकडे पाहिलं. पुन्हा पट्टीकडे. रुंदी तीच, कडकपणा तोच! कात्री चालली, पट्टी कॉलरीत गेली, वरून बारीक टीप पडली. कॉलर अशी उभी राहिली की शाळेतला पहिला नंबर! मनगटावर गादी बांधून मास्तर आडवे झाले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटात अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. यादीत मास्तरांचा नंबर दुसरा, वेळ दहाची. आठपासून मास्तर वॉर्डच्या दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फिरत होते. खिशात कात्री, मनगटावर गादी, गळ्याशी कॉलर. नववी फेरी दारापाशी पोचली आणि समोरून मोठ्या सिस्टर आल्या. त्यांची पाळी सकाळची. मास्तरांना त्यांनी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. चालीत असा झपाटा की वॉर्डातले पडदे आपोआप हलायचे. मास्तरांना बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"आलात एकदाचे! आठ महिने अर्ज करतेय मी, शिवणखोलीत माणूस द्या म्हणून!"

"अहो, मी सात नंबर..."

"सात नंबरचा पडदा नंतर! आधी चादरी."

"पण माझं आज ऑपरेशन आहे हो!"

"मागच्या शिंप्याचंही असंच ऑपरेशन होतं," सिस्टर म्हणाल्या. "अर्ध्या दिवसाची रजा घेऊन गेला, तो अजून येतोय! ते काही नाही. चला."

आता इथे मास्तरांनी पाय रोवून उभं राहायला हवं होतं. तसे ते राहिलेही. पण सिस्टरांनी काखेतली एक चादर उलगडून त्यांच्यासमोर धरली, "हे बघा, कुणी दुमडलंय असं?" आणि घात झाला! चादरीची कड नागमोडी. दोरा काळा, कापड पांढरं. मास्तरांच्या मस्तकात तिडीक गेली.

"ही शिलाई आहे? कोंबडी चालत गेलीय यावरून!"

"तेच म्हणते मी. आहे का वेळ दहा मिनिटं?"

"दहाला मला वर जायचंय."

"दहाच्या आत सोडते."

बोलता बोलता दोघं जिना उतरून शिवणखोलीत पोचलेसुद्धा. तिथे होती विजेवर चालणारी मशीन! पायटा मारायचा नाही, नुसता अंगठा टेकवायचा. मास्तरांनी टेकवला. गोळा जागच्या जागी! मशीन मांजरीसारखी गुरगुरली आणि महिन्याभराने पहिल्यांदा मास्तरांच्या हाताखालून सरळ टीप निघाली. डोळे पाणावले हो त्यांचे!

आणि मग चमत्कार सुरू झाला. सात नंबर म्हणून काल ज्यांच्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं, त्या मास्तरांना शिंपी म्हणून मान मिळू लागला. खुर्चीवर उशी आली. पंखा इकडे वळला. एक नर्स धावत आली, "मास्तर, माझ्या कोटाचं बटण तेवढं!" एक कंपाउंडर आला, "मास्तर, ही शिवण उसवलीय, सवडीने बघा." दर पाच मिनिटांनी कुणी ना कुणी विचारत होतं, "मास्तर, चहा?"

"नको, मी उपाशी आहे," मास्तर सांगायचे.

"मग तर घ्याच!"

तीन कप चहा मास्तरांच्या नाकासमोर निवून गेले. तब्येत कशी आहे म्हणून चौघांनी विचारलं. फक्त आजारी आहात का, हे कुणी विचारलं नाही.

साडेनऊला मोठ्या सिस्टर नवाकोरा हिरवा सदरा घेऊन आल्या. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर आत घालतात तसला.

"मास्तर, हे शेवटचं. मोठ्या डॉक्टरांचा आहे. फार घोळ वाटतोय मला. कडेने आत घ्या. आजच घालायचाय त्यांना."

"माप द्या."

"त्यांना माप घ्यायला थांबवणार कोण? लिफ्टने वर ऑपरेशनला, लिफ्टने खाली गाडीत. इथे आल्यापासून मीसुद्धा नीट पाहिलं नाही त्यांना, नुसता वारा जाणवतो! आज राहू द्या मग. उद्या टेप घेऊन गाठते त्यांना, मग करा."

सिस्टर चुकून का होईना शहाणपणाचं बोलल्या होत्या. पण टेप हा शब्द मास्तरांच्या कानात गरम तेलासारखा पडला.

"टेप? चाळीस वर्षांत हात लावला नाही त्याला! डॉक्टरांचा फोटो आहे म्हणे जिन्यासमोर?"

मास्तर जिन्यासमोर जाऊन उभे राहिले. फोटोत एक तरणाबांड, सडसडीत माणूस हाताची घडी घालून हसत होता. मास्तरांनी एक डोळा मिटला. "छाती अडतीस. खांदा सतरा. अंगात मांस नाही." फोटोच्या चौकटीला कोळ्याने तीन पिढ्यांचं घर बांधलं होतं. ते मात्र मास्तरांनी हिशेबात धरलं नाही. पंधरा मिनिटांत सदरा दोन्ही कडांनी चांगला चार चार बोटं आत गेला, काखेचा मुंढा आटोपशीर झाला, उरलेलं कापड कात्रीने साफ. सिस्टर सदरा घेऊन उडाल्या, आणि जाता जाता मशीनवर पंधरा चादरी टाकून गेल्या. मास्तरांनी घड्याळ शोधलं. शिवणखोलीत घड्याळच नव्हतं.

तिकडे वर वॉर्डात दहाला पाच मिनिटं असताना स्ट्रेचर आलं. सात नंबरचा पलंग रिकामा!

"सात नंबर कुठे गेले?" स्ट्रेचरवाल्याने विचारलं.

"मोठ्या सिस्टरांबरोबर शिवायला गेलेत," आजोबा म्हणाले.

"अहो आजोबा, सात नंबर पेशंट आहे. शिंपी नव्हे."

"दोन्ही आहे!"

"आजोबांची गोळी जरा जास्त होतेय वाटतं," स्ट्रेचरवाला नर्सला म्हणाला. नर्सने फाईलवर लिहिलं, पेशंट पळाला. आणि स्ट्रेचर यादीतल्या तिसऱ्या नावाला घेऊन गेलं.

तेवढ्यात मास्तरीणबाई आल्या. पलंगावर नवी चादर, उशाशी कुणी नाही, आणि हातात फाईल घेतलेली नर्स सांगतेय, "तुमचे मिस्टर पळून गेले."

"पळून?" मास्तरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली. "हा माणूस बस पकडायलासुद्धा कधी पळाला नाही!"

"भित्रे असतात काही पेशंट. बाराला यादी संपते. तोवर सापडले तर ठीक, नाहीतर दोन महिन्यांनी या."

दोन महिने! मास्तरीणबाईंच्या डोळ्यांपुढून त्या येरझाऱ्या सरकल्या. तो साडीचा काठ सरकला. आजोबांनी टांगलेल्या पायाच्या अंगठ्यानेच जिना दाखवला, आणि बाई पदर खोचून निघाल्या. एकेका दाराला कान लावत गेल्या. पहिल्या दारामागे बाटल्या वाजत होत्या. दुसऱ्यामागे कुणी घोरत होतं. तिसऱ्यामागून आवाज आला, "कुणी बेतलंय हे? आंधळ्याने? आणि तेही पाठ करून?"

"हे आमचेच!" मास्तरीणबाईंनी दार ढकललं. आत मास्तर नवव्या चादरीवर होते आणि मोठ्या सिस्टर शेजारी घड्या घालत होत्या. "अहो! साडेअकरा झाले! तुम्ही पळालात म्हणून लिहिलंय वर!"

मास्तर ताडकन उठले. गोळाही उठला! "सिस्टर, ऐकलंत? मीच सात नंबर! सकाळपासून सांगतोय!"

"मास्तर, चेष्टा पुरे. तुम्ही कोण बाई?"

"यांची बायको."

"असाल. शिंप्यांना बायका असतातच. पण हे पेशंट कशावरून?"

"पोट दाखवतो हवं तर!" मास्तर बटणांना झोंबले.

"शिवणखोलीत नाही!" सिस्टर कडाडल्या. "इथे नियम आहे. मनगटावर पट्टी असेल तोच पेशंट. पट्टी नाही, ऑपरेशन नाही. कुठे आहे पट्टी?"

मास्तरांनी मनगट पुढे केलं. मनगटावर टाचण्या.

"पट्टी..." मास्तरांनी हळूच गळ्याशी चाचपलं. "पट्टी कॉलरीत आहे."

"कशात?"

"बकरम नव्हतं हो!"

मास्तरीणबाईंनी टेबलावरचं ब्लेड उचललं आणि नवऱ्यापुढे धरलं. मास्तरांनी कॉलरीवरून बोट फिरवलं. काय टीप होती! चाळीस वर्षांत इतकी नेटकी कॉलर दोनदाच झाली असेल. "जरा खालच्या बाजूने उसवलं तर..." ते पुटपुटले.

"अहो, बारा वाजतायत!"

मास्तरांनी डोळे मिटले आणि स्वतःच्या हाताने स्वतःची कॉलर टराटरा उसवली. आतून पट्टी निघाली, पट्टीवर नाव निघालं, नावापुढे सात निघाला! मोठ्या सिस्टरांनी पट्टी वाचली, मास्तरांकडे पाहिलं, पुन्हा पट्टी वाचली. त्यांचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला.

"अगंबाई! म्हणजे तुम्ही उपाशी?"

"तीन कप तुमच्याच माणसांनी दाखवून नेले!"

मग काय विचारता! त्या हॉस्पिटलात पेशंटसाठी इतकी धावपळ आधी झाली नव्हती, नंतरही नाही. सिस्टर स्ट्रेचर स्वतः ढकलत होत्या, मास्तरीणबाई पुढे "बाजूला, बाजूला!" करत होत्या, आणि मास्तर आडवे पडून उसवलेली कॉलर छातीशी धरून होते. बाराला चार मिनिटं कमी असताना ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडलं.

आणि तिथे मास्तरांना मोठ्या डॉक्टरांचं प्रथम दर्शन घडलं.

देवा रे! फोटोतला माणूस कुठे आणि हा कुठे! फोटोतल्या माणसाने मधल्या काळात आणखी दोन माणसं गिळली असावीत! त्या देहावर तोच हिरवा सदरा उशीला अभ्रा ताणावा तसा ताणलेला. दोन्ही हात अंगापासून दूर, शेतातल्या बुजगावण्यासारखे. खाली आणावे तर काखेत करकर वाजे, वर न्यावे तर पोट उघडं पडे.

"या सदऱ्याचं काय झालंय काय?" डॉक्टर घुसमटत विचारत होते. "दोघांनी मिळून चढवलाय मला! आता निघतही नाही. चला, आटपा, वरून झगा चढवा, शेवटचा पेशंट आहे."

मास्तरांनी नजर टाकली. माप क्षणात कळलं. पोटात गोळा आला, हर्नियाचा नव्हे, दुसरा.

"डॉक्टर," ते खोल आवाजात म्हणाले, "आधी तो सदरा..."

पण भूल देणाऱ्या बाईंनी तोंडावर मास्क ठेवला. "काही बोलायचं नाही काका. शंभरपासून उलटे आकडे म्हणा."

"अठ्ठेचाळीस..." मास्तर म्हणाले.

"शंभर म्हणा, शंभर."

"छाती अठ्ठेचाळीस," मास्तर कळवळून म्हणाले आणि झोपले.

शनिवारी सकाळी ड्रेसिंग बदलायला मोठ्या सिस्टर आल्या. मास्तरीणबाई घरी न्यायच्या तयारीने पिशवी भरून बसल्या होत्या. मास्तरांनी चष्मा लावला आणि मान उचलून पोटावरची शिलाई पाहिली. नऊ टाके. पहिले तीन जवळ जवळ. मग दोन बोटांचं अंतर. मग दोन टाके एकमेकांवर चढलेले. शेवटचे चार उताराला लागल्यासारखे तिरके गेलेले.

"हे काय आहे?" मास्तर गरजले. "जन्मभर माझ्या दुकानातून असली टीप बाहेर गेली नाही, आणि ही माझ्या पोटावर? कोण तो कारागीर? बोलवा त्याला!"

"अहो, हळू! टाके तुटतील," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"तुटू देत! पुन्हा घालून घेऊ!"

तोच दारातून तसाच एक आवाज गरजला, "कोण तो कारागीर? बोलवा त्याला!"

सगळा वॉर्ड वळला. मोठे डॉक्टर! स्वतः! हातात हिरवा सदरा, दोन्ही काखांत फाटलेला. ऑपरेशननंतर तो कात्रीने कापून काढावा लागला होता. "शिवणखोलीत कुणी नाही. सिस्टर म्हणाल्या, इथे सापडेल. कुठेय तो शिंपी?"

आठ नंबरच्या आजोबांनी टांगलेल्या अंगठ्याने शेजारचा पलंग दाखवला. सिस्टर छताकडे बघू लागल्या.

डॉक्टर पलंगाशी आले. सदरा पुढे धरला. "हे तुमचं?"

मास्तरांनी गाऊन बाजूला केला. पोट पुढे धरलं. "हे तुमचं?"

दोघेही एकमेकांच्या कामाकडे बघत राहिले.

"हात उचलत नव्हता माझा," शेवटी डॉक्टर म्हणाले. "दर टाक्याला काखेत आवळत होतं. पण काय हो, माणसाला न बघताच शिवलंत?"

"आणि तुम्ही?" मास्तर म्हणाले. "बुधवारी पाच वाजता येणार होतात. केस विंचरून बसलो होतो मी. नुसते दारातून डोकावला असतात तर चालताबोलता अठ्ठेचाळीसचा मुंढा काढला असता. आला नाहीत, म्हणून फोटो बघून शिवला!"

सदऱ्याच्या फाटक्या काखेतून डॉक्टरांनी उगाच बोट आरपार घातलं. मग जरा हळू आवाजात म्हणाले, "तो फोटो अठरा वर्षांपूर्वीचा आहे. शिलाई आतून पक्की आहे तुमची, काळजी नको. दिसायला तेवढी... बरं, हा दुसरा सदरा आणलाय. करून द्याल? या वेळी माप घेऊन."

सिस्टरांनी खिशातून टेप काढला आणि गंभीर चेहऱ्याने मास्तरांच्या हातात ठेवला. मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत होती, आणि तिचे खांदे हलत होते.

"वाका," मास्तर खालमानेने म्हणाले. "हात वर. श्वास सोडा."

छाती एकदा मोजली, पुन्हा मोजली. खांदा मोजला, बाही मोजली, मुंढा मोजला. डॉक्टर पलंगाला चिकटून निमूट उभे. ना घाई, ना लिफ्ट. चांगली सहा-सात मिनिटं झाली. त्या वॉर्डात एका पेशंटशेजारी मोठे डॉक्टर इतका वेळ उभे राहिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. मास्तरांच्या नाडीला मात्र त्यांनी हात लावला नाही. हात वर होते ना त्यांचे!

आठ नंबरवरून आजोबा हे सगळं टक लावून बघत होते. चौदा दिवस झाले होते त्यांना. डॉक्टर जायला वळले तसे ते घाईघाईने ओरडले, "सिस्टर, अहो सिस्टर! मलाही एक टेप द्या हो!"